सबप्राइम, थकलेले हप्ते आणि न पोचलेली मदत

शेवग्याची_शेंग

मंदीच्या दुसऱ्या धाग्यावर कुणीतरी लिहिलंय की "२००८ नंतर अमेरिकेत सरकारने घरमालकांना भरपूर मदत केली, तरी लोक घरं टाकून पळाले". तिथेच उत्तर दिलं असतं तर तो धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढतेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

२००८ ते २०११ मी क्लीव्हलंडला एका हाउसिंग काउन्सेलिंग संस्थेत आठवड्याला तीन दिवस बिनपगारी जात होते. एच-४ व्हिसा, नोकरीची परवानगी नाही, आणि ओहायोतला हिवाळा. घरी बसले असते तर भिंतींशी बोलायला लागले असते. संस्थेला फेडरल गृहनिर्माण खात्याची मान्यता होती, त्यामुळे येणाऱ्या माणसाकडून एक पैसा घ्यायचा नाही असा नियम. सल्ला द्यायला प्रशिक्षित बायका होत्या. मी कागद गोळा करायचे, क्रमाने लावायचे आणि फॅक्स करायचे. ऑफिसात माझं नावच 'फॅक्स लेडी' पडलं होतं.

आमच्याकडे येणारे बरेचसे स्लाव्हिक व्हिलेज भागातले. झेक आणि पोलिश पोलाद कामगारांनी वसवलेली वस्ती. गिरण्या गेल्यावर लालबाग-परळचं जे झालं ते तिथे पोलादाचं आधीच होऊन गेलेलं. २००७ मधल्या एका तिमाहीत अख्ख्या अमेरिकेत घरजप्तीचे सर्वांत जास्त दावे या वस्तीच्या ४४१०५ या एका पिनकोडात होते. एका गल्लीत सलग पाच-सहा लाकडी घरं खिडक्यांना प्लायवूड ठोकून उभी. घर रिकामं झालं की आठवड्याच्या आत तांब्याचे पाइप चोरीला जायचे, मग पाणी तुंबून जमीन कुजायची. जुन्या गाडीपेक्षा कमी किमतीत घर गेलेलं मी स्वतः बघितलंय.

एका बाईंची फाइल अजून डोक्यातून जात नाही. साठी उलटलेली, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात नोकरी. घर १९७० च्या दशकात नवऱ्याने घेतलेलं, कर्ज जवळजवळ फिटलेलं. २००५ मध्ये दारावर एक ब्रोकर आला. छप्पर गळत होतं, घर गरम ठेवणारी भट्टी जुनी झाली होती. "घरावर थोडं कर्ज काढा, दोन्ही कामं होतील." बाईंनी सही केली. म्हणजे 'ऐपत नसताना घर घेतलं' या वाक्यात ही बाई बसतच नाही, घर तिचंच होतं.

२००९ मध्ये सरकारी योजना आली, हॅम्प. ओबामांनी १८ फेब्रुवारीला ॲरिझोनातल्या मेसा गावी जाहीर केली. ७५ अब्ज डॉलर आणि ३० ते ४० लाख घरं वाचवायचं उद्दिष्ट. नियम असा, की हप्ता कर कापायच्या आधीच्या मासिक उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणायचा. त्यासाठी आधी व्याज कमी करायचं, अगदी २ टक्क्यांपर्यंत. तरी नाही जमलं तर मुदत ४० वर्षांपर्यंत ताणायची. तरीही नाही, तर मुद्दलाचा काही भाग बिनव्याजी मागे ठेवायचा. तीन महिने कमी हप्ता वेळेवर भरून दाखवायचा, की बदल कायम. कागदावर इतकी सुबक योजना मी पाहिली नव्हती. आम्ही ऑफिसात केक कापला होता!

त्या बाईंची फाइल मी अकरा वेळा फॅक्स केली.

खडीसाखर

रुमाल टाकून ठेवते, सावकाश वाचेन.
एक बाळबोध प्रश्न: सबप्राइम म्हणजे नक्की काय? मला आतापर्यंत वाटायचं की 'प्राइम'पेक्षा स्वस्त असं काहीतरी.

शेवग्याची_शेंग

@खडीसाखर, उलट गं, महाग! सब म्हणजे इथे खालच्या प्रतीचा कर्जदार. क्रेडिट स्कोअर साधारण ६२० च्या खाली, किंवा आधी कधी हप्ते चुकलेले. त्याला जास्त व्याजाने द्यायचं ते सबप्राइम.

त्यातला सगळ्यात चालणारा माल म्हणजे '२/२८'. पहिली दोन वर्षं व्याज ठरलेलं, पुढची अठ्ठावीस वर्षं दर सहा महिन्यांनी बदलणारं. समजा १ लाख डॉलरचं कर्ज, पहिली दोन वर्षं ७.५ टक्के. हप्ता ७०० च्या आसपास. दोन वर्षांनी व्याज १०.५ टक्के झालं की हप्ता ९०० च्या वर. महिना २०० डॉलर म्हणजे त्या बाईंचा महिन्याचा किराणा. मधेच कर्ज फेडून दुसरीकडे जायचं म्हटलं तर वर दंड. आणि कर्जदाराला त्याच्या लायकीपेक्षा जास्त व्याजाचं कर्ज चिकटवलं की ब्रोकरला कर्ज देणाऱ्याकडून वरकड कमिशन. हे शेवटचं कळलं तेव्हा मी सुन्न झाले होते.

हे सगळं घराच्या किमती वाढत होत्या तोवर चाललं, कारण दोन वर्षं संपायच्या आत घराची नवी किंमत दाखवून नवं कर्ज काढता यायचं. फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, दर जून २००३ मध्ये १ टक्का होता, तो सतरा वेळा पाव-पाव टक्क्याने चढत जून २००६ मध्ये ५.२५ वर गेला. त्याच वर्षी घरांच्या किमतीही वाढायच्या थांबल्या. मग नवं कर्ज मिळेना आणि जुन्याचा हप्ता भरता येईना.

हिशेबी_मनुष्य

लेख चांगला आहे, पण थोडं कडू लिहितो.

२००५-०६ ला आम्ही न्यू जर्सीत एडिसनला दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. ओळखीतल्या प्रत्येकाने घर घेतलं. कुणी शून्य डाउन पेमेंट, कुणी पगार वाढवून सांगितलेला; तेव्हा पगाराचा पुरावा न मागणारी कर्जं मिळत होती हे सगळ्यांना माहीत होतं. बायको रोज ऐकवायची, "तुम्ही बसा एक्सेल उघडून." मी बसलो. २० टक्के जमल्याशिवाय घर घ्यायचं नाही हा माझा नियम. मग सगळं कोसळल्यावर काय? ज्यांनी खोटं लिहिलं त्यांचा हप्ता कमी करायचा, आणि त्याचा टॅक्स मी भरायचा? मेसाच्या घोषणेनंतर दुसऱ्याच दिवशी टीव्ही पत्रकार रिक सँटेली शिकागोच्या बाजारातून टीव्हीवर ओरडला होता, शेजाऱ्याचं कर्ज तुम्ही का भरायचं म्हणून. मला माणूस आवडत नाही, पण त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या होत्या.

तुमच्या बाईंबद्दल वाईट वाटतं. पण असे अपवाद दाखवून धोरण ठरत नाही.

पानसुपारी

+१ हिशेबी. आमच्या गावी म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे.

सांडगी_मिरची

अंथरूण विकणाऱ्यानेच "पाय पसरा हो, अंथरूण दरवर्षी वाढतं" असं सांगितलं होतं. त्याचं काय?

शेवग्याची_शेंग

हिशेबी, तुमचा राग मला समजतो. त्या वर्षांत भाड्याने राहणं सोपं नव्हतं. पण दोन गोष्टी.

एक, त्या बाई अपवाद नव्हत्या. सबप्राइम कर्जांत निम्म्याहून जास्त कर्जं नवं घर घ्यायला नव्हती, आधीच्या घरावर पुन्हा काढलेली होती. आणि चांगल्या स्कोअरच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांना साधं कर्ज मिळत असताना सबप्राइमकडे वळवल्याचे खटले झालेत. कंट्रीवाइड या कर्ज देणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात डिसेंबर २०११ मध्ये ३३.५ कोटी डॉलरची तडजोड झाली, वेल्स फार्गो बँकेने २०१२ मध्ये आरोप अमान्य करूनच १७.५ कोटी दिले.

दोन, तुमचा टॅक्स शेजाऱ्याकडे गेलाच नाही हो. पुढे ज्यांनी अर्ज केले त्या दहांतल्या सात जणांना नकार मिळाला. कायमचा बदल मिळालेली घरं सगळ्या वर्षांत मिळून १६-१७ लाख, त्यातलीही कितीतरी नंतर पुन्हा थकली.

हिशेबी_मनुष्य

नकार मिळाला म्हणजे ते पात्र नसतील. कागद अपुरे असतील.

शेवग्याची_शेंग

"कागद अपुरे" हे दोन शब्द वाचून माझा हात आपोआप फॅक्सच्या बटणाकडे जातो.

बाईंची फाइल कशी फिरली ते सांगते. नाव कुठलंच घेत नाही. ऑक्टोबर २००९ ला पहिला फॅक्स: पगाराच्या पावत्या, बँकेची स्टेटमेंटं, हलाखीचं पत्र, टॅक्सच्या नोंदी मागवायला परवानगी देणारा फॉर्म ४५०६-टी. एकूण चाळीसेक पानं. तीन आठवड्यांनी फोन केला तर "काही मिळालेलं नाही". पुन्हा फॅक्स. मग "पान १७ नाही". पुन्हा. तोवर पगाराच्या पावत्या शिळ्या झाल्या, नव्या पाठवा. नव्या पाठवल्या तर ४५०६-टी वरची सही जुन्या तारखेची. दर वेळी फोनवर वेगळा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा.

मधल्या काळात चाचणीचे हप्ते सुरू झाले होते. २००९ मध्ये आकडा लवकर दिसावा म्हणून तोंडी सांगितलेल्या उत्पन्नावर चाचणी सुरू करायची मुभा होती, कागद मागाहून. बाईंनी तीन महिन्यांच्या जागी नऊ महिने, एकही न चुकता, कमी हप्ता भरला. जून २०१० ला पत्र आलं: उत्पन्नाचा पुरावा पूर्ण नाही म्हणून नकार. आणि आता गंमत ऐका. त्या नऊ महिन्यांत जुना हप्ता आणि कमी हप्ता यातला जो फरक, तो सगळा थकबाकी धरला, वर दंड. म्हणजे योजनेत न शिरती तर बरी राहिली असती.

कल्याण_ते_कॅलगरी

बापरे. हे बँकेचं नुकसान नाही का? जप्त घर कवडीमोल विकण्यापेक्षा कमी हप्ता घेतलेला परवडला असता. मग त्यांनी असं का करावं?

दिवाळखोर_वकील (पेशाने खरंच दिवाळखोरीचा वकील, नाव त्यावरूनच)

हा बरोबर प्रश्न आहे, कारण ज्याचे पैसे बुडत होते तो आणि जो फोन उचलत होता तो, हे वेगळे.

कर्ज दिलं एका कंपनीने. तिने ते विकलं. हजारो कर्जांची मोट बांधून तिचे रोखे केले, ते जगभरच्या गुंतवणूकदारांनी घेतले. राहिला वसुलीचा कारकून, त्याला सर्व्हिसर म्हणतात. त्याला वर्षाला शिल्लक कर्जाच्या पाव ते अर्धा टक्का मिळतो. मुद्दल कमी केलं की त्याची फी कमी. उशिराचा दंड बहुतेक वेळा त्याच्याच खिशात. शिवाय कर्जदार थकला तरी गुंतवणूकदारांचा हप्ता सर्व्हिसरला पदरचा घालावा लागतो, आणि घर विकलं की तो सगळ्यांच्या आधी वसूल होतो. कर्ज सुधारलं तर ते पैसे सावकाश येणार. आता त्याच्या जागी बसून बघा. सरकार म्हणतं, हे घर वाचव, तुला १,००० डॉलर देतो. तेवढ्यासाठी माणूस नेमून चाळीस पानं वाचायची?

सरकारने आपल्या योजनेची चावी याच माणसाच्या हातात दिली. टार्प, म्हणजे बँका सावरायला काढलेला सरकारी निधी, त्याच्या पैशावर देखरेख करणारे तेव्हाचे महानिरीक्षक नील बरॉफ्स्की यांनी नंतर लिहिलंय की तेव्हाचे अर्थमंत्री गाइथनर यांच्या लेखी या योजनेचा उपयोग विमान आदळण्याआधी धावपट्टीवर पसरतात त्या फेसासारखा होता. विमान बँकांचं. सगळ्या जप्त्या एकदम आदळू नयेत, सावकाश याव्यात, इतकंच. तसं बघितलं तर योजना अपयशी ठरली असं कसं म्हणणार?

दुसरा रस्ता होता. आमच्या दिवाळखोरी कायद्यात न्यायाधीश सुट्टीतल्या दुसऱ्या घराचं कर्ज घराच्या आजच्या किमतीवर आणू शकतो. राहत्या घराचं नाही. हे बदलायचं विधेयक ३० एप्रिल २००९ ला सिनेटमध्ये ४५ विरुद्ध ५१ ने पडलं. एक डॉलर सरकारी खर्च नव्हता त्यात. हिशेबी, तुम्हाला ते आवडलं असतं.

हिशेबी_मनुष्य

हे माहीत नव्हतं. न्यायाधीशाने कर्ज छाटायचं आणि तोटा रोखेवाल्यांनी सोसायचा, याला माझी हरकत नाही. जोखीम त्यांनी घेतली होती.

गवती_चहा

मी दुसऱ्या बाजूची. कॅलिफोर्नियात माउंटन हाउसला राहते, ट्रेसीच्या शेजारी. आज इथे गणपतीत ढोल वाजतात. नोव्हेंबर २००८ मध्ये मात्र देशातलं सगळ्यात बुडालेलं गाव म्हणून पेपरात आलं होतं. दहातल्या जवळजवळ नऊ घरांवर घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त.

आम्ही २००६ ला ६ लाख ३० हजारांना घेतलं. २००९ मध्ये तसंच घर ३ लाखांना मिळत होतं. आमचं कर्ज सबप्राइम नव्हतं. पगार चालू होता, म्हणून हॅम्प नाही. स्वस्त व्याजावर जायला हार्प नावाची योजना होती, पण ती फक्त फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या घरकर्जं विकत घेणाऱ्या, सरकारचा हात असलेल्या कंपन्यांकडच्या कर्जांना. त्यांची तेव्हाची मर्यादा ४ लाख १७ हजार. आमचं कर्ज ५ लाखांचं! म्हणजे कुठल्याच रांगेत आम्ही नाही.

कॅलिफोर्नियात घरखरेदीच्या मूळ कर्जात बँक घर घेते, पण उरलेल्या पैशासाठी तुमच्या मागे लागू शकत नाही. त्यामुळे डावीकडच्या शेजाऱ्यांनी चाव्या टपालाने पाठवल्या आणि पाच मैलांवर निम्म्या भाड्यात राहायला गेले. वाळलेल्या हिरवळीवर लोक हिरवा रंग मारून घेत होते. टाकून दिलेल्या पोहण्याच्या तलावांत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडायला सरकारी माणसं यायची. आम्हीही हिशेब केला होता. जायचं ठरलंसुद्धा होतं. पण सांगलीहून सासरे फोनवर म्हणाले, "आपल्या घराण्यात कुणी देणं बुडवलेलं नाही." झालं. भरत राहिलो. किंमत खरेदीच्या भावाला यायला २०१७ उजाडलं. बरोबर केलं की चूक, अजून जेवताना वाद होतो.

सांडगी_मिरची

सासऱ्यांना विचारायचं होतं, हप्त्याला काही हातभार लावताय का म्हणून ;-)

गवती_चहा

अगं, विचारलं असतं तर म्हाताऱ्याने शेत विकून पाठवले असते. म्हणून नाही विचारलं.

जुना_मुलुंडकर

आपल्याकडे हे होणं कठीण. आपल्याकडे घर विकूनही देणं उरलं तर बँक सोडत नाही, आणि चाव्या टपालाने पाठवल्या तर व्यवस्थापक त्याच टपालाने परत पाठवेल. पण बदलत्या व्याजाची झळ आपल्यालाही आहे. २०२२ मध्ये दर वाढले तेव्हा माझा हप्ता तेवढाच राहिला, मुदत मात्र गुपचूप १५ ची २१ वर्षं झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. तोवर विचारत कोण होतं?

पानसुपारी

मुलुंडकर, वेगळा धागा काढा ना यावर. हा क्लीव्हलंडला राहू दे.

हडपसर_नाइट_शिफ्ट

चार वर्षं इथे नुसता वाचक आहे. आज खातं उघडून लिहितोय.

शेवग्याची शेंगताई, तुमचे फॅक्स जिथे जायचे त्यातल्या एका ठिकाणी मी कामाला होतो. पुण्यात. कंपनीचं नाव सांगत नाही, तुमच्या फाइलचीच कंपनी असेल असंही नाही. रात्री साडेआठची कॅब, सकाळी साडेसहाला घरी. अमेरिकेतून आलेले फॅक्स स्कॅन होऊन आमच्या पडद्यावर यायचे. आमचं काम एकेक पान बघून ते काय आहे त्याचा कोड टाकायचा: पगारपत्रक, बँक स्टेटमेंट, पत्र, ४५०६-टी. तासाला ठरलेली पानं, कमी झाली की टीएल (टीम लीडर) मागे येऊन उभा.

कर्ज क्रमांक पानावर नसेल तर ते पान 'अनोळखी'त. अनोळखीत गेलेलं पान परत कोण बघायचं? मला तरी कधी कुणी दिसलं नाही. लोक पहिल्या पानावर क्रमांक लिहायचे, बाकीच्या एकोणचाळिसांवर नाही. फॅक्स मधेच तुटला की अर्धी पानं एका फाइलमध्ये, अर्धी अनोळखीत. सही चौकटीच्या बाहेर गेली, की 'अपूर्ण'. हलाखीची पत्रं आम्हाला वाचायची नसतात, फक्त कोड. पण रात्री तीनला डोळे जातातच. एकाने पत्राच्या मागे मुलीचं चित्र पाठवलं होतं, घर आणि कुत्रा. त्याला कोड नव्हता.

आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की नकार द्या. आम्ही नकार देतोय हेच माहीत नव्हतं.

शेवग्याची_शेंग

आज दोनदा वाचला तुमचा प्रतिसाद.

सातव्या-आठव्या फॅक्सनंतर आमच्या मुख्य काउन्सेलरने नियम केला होता: प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात कर्ज क्रमांक, हाताने. का ते आम्हाला माहीत नव्हतं, फक्त अनुभवाने कळलं होतं की त्याने बरं चालतं. आज कारण कळलं.

खडीसाखर

असं आधी कधी झालंच नव्हतं का अमेरिकेत? म्हणजे १९३० च्या मंदीत?

दिवाळखोर_वकील

झालं होतं, आणि तेव्हा त्यांनी सरळ मार्ग धरला. १९३३ मध्ये होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं. मध्ये कुणी सर्व्हिसर नाही. सरकारने थकलेली कर्जं स्वतःच विकत घेतली आणि पाच वर्षांत एकरकमी फेडायच्या कर्जाच्या जागी पंधरा वर्षांच्या हप्त्यांचं नवं कर्ज दिलं. तीन वर्षांत १० लाखांच्या आसपास घरं. साधारण पाचातलं एक घर तरीही गेलं. १९५१ मध्ये दुकान बंद केलं तेव्हा तोटा नव्हता. धुतल्या तांदळाचं नव्हतं हेही सांगतो, त्यांच्याच नकाशांत कृष्णवर्णीय वस्त्यांना लाल रंग दिलेला आहे.

कल्याण_ते_कॅलगरी

एक कामाचा प्रश्न. माझ्या भाच्याला डॅलसला ले-ऑफ मिळालाय. एच-१बी व्हिसा, नवी नोकरी शोधायला साठ दिवस, डोक्यावर घराचं कर्ज. त्याने काय करावं?

शेवग्याची_शेंग

हप्ता चुकायच्या आधी सर्व्हिसरला फोन करायला सांगा, चुकल्यावर नाही. जे बोलणं होईल ते लेखी मागायचं. गृहनिर्माण खात्याच्या मान्यताप्राप्त काउन्सेलरकडे जायचं, ते फुकट असतं. "आम्ही तुमचं कर्ज कमी करून देतो, आधी पैसे भरा" म्हणणारा कुणीही भेटला तर उलट्या पावली परत. आगाऊ फी घेणं २०११ पासून बेकायदा आहे. घर आमच्या नावावर करून द्या म्हणाला तर धावतच परत. २०१४ पासून नियम आहे की १२० दिवस थकल्याशिवाय जप्तीची कारवाई सुरू करता येत नाही, आणि पूर्ण अर्ज वेळेत दिलेला असेल तर एका हाताने अर्ज बघत दुसऱ्या हाताने लिलाव करता येत नाही. आमच्या वेळी हे नव्हतं. कोविडच्या वेळचा घरमालक मदतनिधी बऱ्याच राज्यांत संपलाय, त्यावर विसंबू नका. आणि भाच्याच्या घराची किंमत कर्जापेक्षा जास्त असेल तर वेळेत विकून मोकळं होणं यात कमीपणा नाही, हेही त्याला कुणीतरी सांगा.

दिवाळखोर_वकील

टेक्सासमध्ये कोर्टात न जाता लिलाव होतो, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. ओहायो-न्यू जर्सीसारखा वेळ मिळत नाही. भाच्याला म्हणावं पत्रं उघड. लोक पाकिटं उघडत नाहीत, माझ्याकडे पिशवी भरून आणतात.

हिशेबी_मनुष्य

शेंगताई, त्या बाईंचं शेवटी काय झालं?

शेवग्याची_शेंग

२०११ मध्ये शेरीफच्या लिलावात घर गेलं. विकत घ्यायला कर्जवाल्यांशिवाय कुणी आलं नाही. बाई बहिणीकडे ॲक्रनला गेल्या. २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांनी ४९ राज्यांशी २५ अब्जांची तडजोड केली, न वाचता सह्या ठोकलेल्या जप्तीच्या कागदांवरून. त्यातून घर गमावलेल्यांना चेक आले. बाईंना २०१३ च्या उन्हाळ्यात आला, १,४८० डॉलरच्या आसपास. त्यांनी मला फोन केला आणि विचारलं, "हा चेक वटवायला काही फॅक्स करावं लागेल का?"

घर पुढे पाडलं. मी गेल्या वर्षी तिथून गाडीने गेले, नुसतं कापलेलं गवत आहे.

हडपसर_नाइट_शिफ्ट

ताई, तुमचे फॅक्स कुठल्या महिन्यांतले होते म्हणालात?

शेवग्याची_शेंग

ऑक्टोबर २००९ ते जून २०१०.

हडपसर_नाइट_शिफ्ट

मी ऑगस्ट २०१० ला लागलो.